राखणीची रात्र आणि मराठी अरण्यलेखन

‘मुसंडी मारणे’ हा वाक्प्रचार आज निवडणुकांच्या आणि क्रिकेटच्या वार्तांकनात सर्रास वापरला जातो. मान खाली घालून, सुळे पुढे करून रानडुक्कर जी सरळ धाव घेते तिचे नाव मुसंडी, आणि ‘डुकरमुसंडी’ असा जोडशब्दही मराठीत रूढ आहे, हे तो वाक्प्रचार योजणाऱ्या बहुतेकांच्या गावीही नसते. शब्द टिकला, ज्या अनुभवातून तो जन्मला तो अनुभव मात्र लिखित साहित्यात अगदी तुरळक उतरला. पीक हाताशी आल्यावर माळ्यावर बसून रात्र काढणारा राखणदार, मोहाची फुले वेचायला पहाटे रानात शिरलेली बाई, ओढ्याच्या काठी अस्वलाशी अवचित गाठ पडलेला गुराखी ही माणसे विदर्भाच्या पूर्वभागात आणि त्याला लागून असलेल्या छत्तीसगढात आजही हजारोंनी आहेत. मराठीतील अरण्यलेखन समृद्ध आहे. या समृद्धीत त्यांचे भय कोठे आहे, हा प्रश्न मात्र समीक्षेने क्वचितच विचारला आहे.

भयाला भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वीच स्थान दिले. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा स्थायिभाव आहे आणि भयानक हा त्याचा रस आहे. परंतु या भयाचा धनी कोण, हे पाहू गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. अभिजात परंपरेत रानटी जनावरासमोर उभा राहणारा माणूस बहुधा राजा, वीर किंवा व्याध असतो. भारवीच्या ‘किरातार्जुनीया’त अर्जुनावर चाल करून येणारा वराह हा मुळात मूक नावाचा असुर आहे. त्याच्या अंगात शिरलेल्या दोन बाणांवरून अर्जुन आणि किरातवेषधारी शिव यांच्यात वाद पेटतो आणि वराह तेथेच विसरला जातो. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त मृगयेचा खरा वैताग येतो तो विदूषकाला, आणि तोही हास्याच्या अंगाने. पंचतंत्रातील गोष्ट तर मराठी मुलाला शाळेपासून ठाऊक असते: व्याध डुकराला बाण मारतो, मरता मरता डुक्कर व्याधाला फाडते, आणि नंतर आलेला कोल्हा धनुष्याची दोरी कुरतडू लागून प्राण गमावतो. या कथेचे तात्पर्य कोल्ह्याच्या लोभाविषयी आहे. सुळ्याने पोट फाटून मेलेल्या माणसाविषयी कथेला काहीच म्हणायचे नाही. त्याचे प्रेत हे कोल्ह्याच्या मोहाचे एक साधन तेवढे आहे. पुढील शेकडो वर्षांच्या लेखनात जनावराने मारलेल्या माणसाची अवस्था पुष्कळदा हीच राहिली. तो मेला, पण गोष्ट दुसऱ्याची झाली.

रायपूरहून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवर, महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमावर राजिम आहे. तेथील राजीवलोचन मंदिराच्या आवारात चार कोपऱ्यांना चार उपमंदिरे असून त्यांपैकी एक वराह अवताराचे आहे. सुळ्यावर पृथ्वी उचलून धरणारा हा देव दक्षिणेतही तितकाच पूज्य होता. बदामीच्या चालुक्यांनी आपल्या राजमुद्रेवर वराह कोरला, आणि पुढे सोन्याच्या होनालाही ‘वराह’ हे नाव पडले. मंदिराबाहेर, त्याच महानदीच्या खोऱ्यातील धानाच्या बांधीत, तोच प्राणी त्याच मुस्कटाने जमीन उलथतो. छत्तीसगढी बोलीत त्याला ‘बरहा’ म्हणतात. वराहाचेच हे झिजलेले रूप. देव आणि उपद्रवी जनावर यांच्यासाठी एकच शब्द वापरणारी ही बोली दोहोंत गल्लत करीत नाही. वाघाची गोष्ट थोडी निराळी आहे. सह्याद्रीतील वाघोबा असो की मध्य प्रांतातील गोंड-बैगांचा बाघेसुर असो, वाघाच्या भयाला पूजेचे रूप मिळाले आणि वाघाने मारलेल्या माणसालाही लोकधर्मात एक जागा मिळाली. पिकात शिरणाऱ्या डुकराच्या भयाला असे ठाणे फारसे लाभले नाही. ज्याची पूजा बांधता येत नाही आणि ज्याच्या शिकारीचा पोवाडाही होत नाही, अशा भयाचे साहित्य होणे कठीण असते.

इंग्रजी अमदानीत या प्रदेशाचे अरण्य प्रथम मोठ्या प्रमाणावर छापील झाले. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर छत्तीसगढही १८५४ मध्ये कंपनी सरकारकडे गेले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि त्यानंतरच्या दशकांत फॉर्साइथ, स्टर्नडेल यांच्यासारख्या अधिकाऱ्यांनी सातपुड्याच्या रानांविषयी आणि शिकारीविषयी पुस्तके लिहिली. या पुस्तकांत गावकरी हाकारे घालतो, माग दाखवतो, क्वचित जखमी होतो. कथा बंदुकीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची असते. या साऱ्यांहून अधिक दूरगामी ठरले ते किपलिंगचे सिवनीचे जंगल. ‘द सेकंड जंगल बुक’ या १८९५ च्या पुस्तकातील एका कथेत मोगली आपल्या शत्रू झालेल्या गावावर सूड उगवतो, आणि तो सूड म्हणजे गावात जंगल घुसवणे. हत्ती, डुकरे, हरणे, नीलगाई उभ्या पिकात शिरतात, कणग्या रिकाम्या होतात, भिंती पडतात आणि गाव ओस होते. पिकाची नासाडी हा विषय जागतिक कीर्तीच्या एखाद्या लेखनात इतक्या तपशिलाने आला असेल तर तो येथे. आणि येथे तो न्याय म्हणून आला आहे. वाचकाची सहानुभूती हत्तीच्या पायाखाली गेलेल्या धान्याकडे जाऊ नये अशीच कथेची रचना आहे. किपलिंग कथनाच्या बळावर हे साधतो, यात शंका नाही. पण ज्या प्रदेशाचे नाव त्याने घेतले त्या प्रदेशातील कुणब्याने ही कथा वाचली तर त्याला तिच्यात मोगली दिसेल की आपले शेत दिसेल, हे विचारण्याजोगे आहे. मराठीत ‘जंगल बुक’ची अनेक रूपांतरे झाली, आणि बालवाचकांच्या पिढ्या मोगलीच्या बाजूने वाढल्या.

मराठी अरण्यलेखनाचा विचार करताना व्यंकटेश माडगूळकर आणि मारुती चितमपल्ली ही दोन नावे अटळ आहेत. माडगूळकर तरुणपणी शिकारी होते. पुढे बंदूक बाजूला पडली आणि वही व रेखाटनाची पेन्सिल हाती आली. या संक्रमणातच मराठी निसर्गगद्याचे एक नवे वळण आहे. ‘नागझिरा’मध्ये त्यांनी तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील, आता गोंदिया जिल्ह्यात असलेल्या अभयारण्यात मुक्काम करून जे पाहिले ते लिहिले. पाहणे हीच या लेखनाची क्रिया आहे. निवेदक स्वतःला शक्य तितका बारीक करतो, आणि प्राण्याला आपल्या उपस्थितीची चाहूल न लागणे हे त्याच्या यशाचे गमक ठरते. ‘सत्तांतर’ या १९८२ च्या कादंबरीत, जिला पुढील वर्षी साहित्य अकादमी पुरस्कार लाभला, वानरांच्या टोळ्यांतील सत्तासंघर्षच कथावस्तू होतो आणि माणूस जवळजवळ निवेदनाबाहेर जातो. माडगूळकरांच्या भाषेचा कोरडा नेमकेपणा येथे पणाला लागला आहे. प्राण्याला मानवी भावना न चिकटवता त्याची कथा सांगता येते, हे या छोट्या कादंबरीने मराठीला दाखवून दिले. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही ‘बनगरवाडी’त धनगरांच्या जगण्याची एवढी जाण दाखवणारा हाच लेखक अरण्यात पाऊल टाकताच अरण्याच्या कडेवरच्या गावाकडे पाठ करतो, ही नोंद करावी लागते. मेंढरू, माणूस आणि माळ यांचे एकमेकांवरील अवलंबन ज्याला इतके कळले, त्याने वानर आणि शेतकरी यांच्या संबंधाची कादंबरी लिहिली असती तर ती काय झाली असती, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

चितमपल्लींची वाट वेगळी. २०२५ च्या जूनमध्ये सोलापूर येथे निधन पावलेल्या या लेखकाने वनाधिकारी म्हणून नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट या रानांत आयुष्य घालवले. ‘पक्षी जाय दिगंतरा’, ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’ ही पुस्तके आणि ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र यांनी मराठी वाचकाला अरण्याची परिभाषा दिली. गोंड, कोरकू, ढीवर यांच्याकडून वेचलेले शब्द त्यांनी मराठी गद्यात आणले, हे त्यांचे कार्य एखाद्या कोशकाराइतके मोठे आहे, आणि कोशही त्यांनी रचलेच. त्यांच्या लेखनात आदिवासी हा ज्ञानाचा धनी असतो. पाखरांच्या सवयी, झाडांचे गुण, पावसाची चिन्हे तो जाणतो. तो हाच माणूस रात्री पिकाची जागल करतो, डुकराच्या पायी वर्षाचे धान गमावतो आणि नुकसानीचा अर्ज घेऊन वनखात्याच्या कचेरीत खेटे घालतो, ही त्याची दुसरी बाजू मात्र तितक्या ठसठशीतपणे उभी राहत नाही. याचे कारण लेखकाच्या सहृदयतेत शोधणे अन्यायाचे होईल. कारण निवेदकाच्या आसनात आहे. ज्याच्या पदरात अरण्याचे रक्षण आहे त्याच्या गद्यात अरण्य हेच संकटात असलेले पात्र असणार. गणवेश उतरवून ठेवला तरी दृष्टी तीच राहते. किरण पुरंदरे यांच्या ‘सखा नागझिरा’पर्यंत ही परंपरा अरण्याशी सख्य करणाऱ्यांचीच आहे. सख्य हा तिचा स्थायिभाव म्हणता येईल, आणि सख्यात भयाला अवकाश थोडा असतो.

या परंपरेत एक अपवाद ठळक आहे, आणि तो भूगोलाने छत्तीसगढला खेटून आहे. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडजवळ हेमलकसा येथे १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. विलास मनोहर यांचे ‘नेगल’ आणि डॉ. प्रकाश आमटे यांची ‘प्रकाशवाटा’ व ‘रानमित्र’ ही पुस्तके तेथील अनुभवातून आली. माडिया शिकाऱ्यांनी भुकेपोटी मारलेल्या जनावरांची अनाथ पिले वाढवण्यातून तेथे प्राण्यांचे गोकुळ उभे राहिले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच आवारात दवाखाना आहे, आणि त्या दवाखान्यात अस्वलाने चेहरा फाडलेली माणसेही येतात. एका भिंतीआड अस्वलाचे पिल्लू बाटलीने दूध पिते आहे आणि दुसऱ्या भिंतीआड अस्वलाने सोलवटलेली कवटी शिवली जाते आहे. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून होतात, आणि म्हणून त्या पुस्तकांत एकमेकींना खोट्या पाडत नाहीत. साहित्यगुणांच्या दृष्टीने ही पुस्तके माडगूळकरांच्या गद्याच्या जवळपास येत नाहीत. त्यांची रचना सैल आहे, निवेदन पुष्कळदा बोलण्यासारखे वाहत जाते. तरीही प्राण्याविषयीचे प्रेम आणि प्राण्याने केलेली जखम यांना एकाच पानावर जागा देण्याचे धैर्य येथे आहे. ते मराठीच्या अधिक कसदार गद्याला क्वचितच झाले.

जखमेचा उल्लेख निघाला म्हणून थोडे थांबणे भाग आहे, कारण साहित्यात भय ही अमूर्त वस्तू होऊन बसते. रानडुकराचा सुळा खालून वर फाडत जातो. त्यामुळे त्याची इजा बहुधा पोटरीला, मांडीला, पोटाला होते, आणि मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटली तर माणूस रस्त्यापर्यंत पोचण्याआधीच मरतो. अस्वल दोन पायांवर उभे राहून चेहऱ्याला आणि डोक्याला लागते. वाचलेला माणूस आयुष्यभर आपला चेहरा पदराआड किंवा पंचाआड धरतो. अविभाजित बिलासपूरच्या उत्तर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या काळात अस्वलांचे १३७ हल्ले अभ्यासकांनी नोंदवले, त्यांत ११ माणसे मरण पावली. म्हणजे ज्या काळात छत्तीसगढ राज्य जन्माला येत होते त्याच काळातील ही नोंद आहे. यांतील बहुसंख्य माणसे कोणत्याही साहसाला निघालेली नव्हती. शेत, सरपण, मोह, तेंदूपाने यांसाठी घराबाहेर पडलेली ती माणसे होती. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा मृत्यूंत वीररसाला जागा नाही आणि करुणालाही पुरेसा अवकाश मिळत नाही, कारण वर्तमानपत्रात त्यांची बातमी दोन दिवसांची असते.

ग्रामीण साहित्याच्या चळवळीने हे काम केले असेल अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. त्या साहित्याने सावकार पाहिला, दुष्काळ पाहिला, जातीची उतरंड आणि सहकारातील राजकारण पाहिले. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये, ज्या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, कोरडवाहू शेतकऱ्याच्या पिळवणुकीचे चित्र भेदक आहे, आणि त्यातील खरा शत्रू म्हणजे बाजार, कर्ज व व्यवस्था. हे योग्यच आहे. परंतु या विश्लेषणाच्या दबावाखाली जनावराने केलेली नासाडी ही किरकोळ, जवळजवळ नैसर्गिक आपत्ती म्हणून बाजूला राहिली. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’पासून भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’पर्यंतच्या आदिवासी कवितेत रान हे घर आहे आणि घुसखोर बाहेरून येतो, तिची ऐतिहासिक गरज तीच होती. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीची रंगभूमी धानाची कापणी उरकल्यावर रात्र रात्र रंगते, आणि त्या प्रेक्षकांत राखणीच्या माळ्यावरून नुकतीच उतरलेली माणसे असतात. राखणीच्या रात्रीचे मौखिक साहित्य त्यांच्याजवळ किती असेल याचा अंदाज बाहेरून बांधता येणार नाही. त्याचे संकलन नीट झालेले नाही. सातवाहनकालीन ‘गाथासप्तशती’त पाखरांपासून शेत राखणारी मुलगी भेटते, आणि राखण ही तेथे बहुधा संकेतस्थळाचे निमित्त असते. महाराष्ट्री प्राकृताने दोन हजार वर्षांपूर्वी राखणीला शृंगारात बसवले; तिच्यातील जाग्रण मात्र तसेच पडून राहिले.

मग या अनुभवाचे लिखित रूप कोठेच नाही काय? आहे, आणि ते सरकारदरबारी आहे. पंचनामा हा या भयाचा एकमेव सर्रास लिहिला जाणारा मराठी गद्यप्रकार होय. गट क्रमांक, पिकाचे नाव, क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी, खुरांच्या ठशांचा उल्लेख, पंचांच्या सह्या असा त्याचा साचा ठरलेला असतो. वाक्ये कर्मणी असतात, माणूस ‘सदर’ होतो आणि जनावर ‘वन्यप्राणी’ होते. साहित्याच्या अभ्यासकाने हा गद्यप्रकार तुच्छ लेखू नये. त्यात जे येते त्यापेक्षा त्यात जे येऊ शकत नाही ते अधिक बोलके आहे. उपटलेल्या धानाला रकाना आहे. न झोपलेल्या रात्रींना नाही. माळ्यावर बसण्यासाठी शाळा बुडवलेल्या पोराला नाही. भीतीने उसाऐवजी किंवा मक्याऐवजी दुसरे पीक घेतले, किंवा रानाकडची पट्टी पडीकच सोडली, तर ते नुकसान मुळात नुकसानच ठरत नाही, कारण जे पेरलेच नाही त्याचा पंचनामा करता येत नाही.

कायद्याच्या भाषेतही अशीच एक गुंतागुंत आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली रानडुक्कर तिसऱ्या अनुसूचीत होते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आल्यावर ते दुसऱ्या अनुसूचीत गेले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाच्या रक्षणासाठी सद्हेतूने मारलेल्या प्राण्याबद्दल गुन्हा होत नाही, आणि वनखात्याच्या परवानगीने पिकाची नासाडी करणारे जनावर मारताही येते. मारलेले डुक्कर सरकारी मालमत्ता होते. जिवंत असताना त्याने खाल्लेले पीक शेतकऱ्याचे आणि मेल्यावर त्याचा देह सरकारचा, या रचनेत जो उपरोध आहे तो कोणत्याही व्यंग्यकाराला आयता मिळालेला आहे. अजून तो कोणी उचललेला दिसत नाही. परवानगीची वाट न पाहता शेताभोवती विजेची उघडी तार सोडणारे लोक या प्रदेशात आहेत. त्या तारेला डुक्कर लागते, तसा वाघ लागतो, हत्ती लागतो, आणि पहाटे परसाकडे निघालेला शेजारीही लागतो. भय माणसाला नेहमी निष्पाप ठेवत नाही. राखणदाराची बाजू घेणाऱ्या लेखकाला या तारेवरूनच चालावे लागेल.

रायपूरचा संबंध येथे केवळ भूगोलाचा नाही. मराठी घराण्यात जन्मलेले आणि हिंदीत लिहिणारे गजानन माधव मुक्तिबोध १९५८ मध्ये रायपूरच्या शेजारच्या राजनांदगावात अध्यापक म्हणून आले. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे कवी आणि समीक्षक, म्हणजे एकाच घरातून दोन भाषांना आधुनिक जाणीव मिळाली. मुक्तिबोधांच्या कवितेतील भय शहराच्या अंधारातले, इतिहासातले, मनाच्या विहिरीतले आहे. त्यात रानातले जनावर नाही. त्यांनी ज्याच्या प्रारंभीच्या कवितांना वाट करून दिली तो राजनांदगावचा तरुण म्हणजे विनोदकुमार शुक्ल. पुढे शुक्ल रायपूरच्या कृषी विद्यापीठात शिकवत राहिले आणि २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. हिंदी कवितेतील हा सर्वांत शांत आवाज व्यवसायाने शेतीशास्त्राचा अध्यापक होता, ही गोष्ट त्यांच्यावरील समीक्षेत फारशी लक्षात घेतली जात नाही.

शुक्लांची एक छोटी, पुष्कळ उद्धृत झालेली कविता या विवेचनाच्या मध्यभागी ठेवण्याजोगी आहे. तीतील आदिवासी मुलीला घनदाट रानाचे आणि त्यातील हिंस्र जनावरांचे भय नाही. भय आहे ते बस्तरमधील गीदमच्या बाजाराचे, जेथे तिला मोह विकायला जायचे आहे. कवितेची सारी शक्ती या उलथापालथीत आहे. वाचकाने ज्याला भयाचे घर मानले ते अभय निघते आणि ज्याला संस्कृती मानले ते भयावह ठरते. शोषणाविषयी एकही मोठा शब्द न वापरता शोषण सांगणारी ही कविता आहे, आणि तिचे स्थान अबाधित आहे.

तिच्या वाचनाचा प्रश्न निराळा आहे. वाचनालयात बसलेला वाचक या कवितेतून एक सोयीस्कर निष्कर्ष काढतो: आदिवासींना जनावराचे भय नसते, ते अरण्याशी एकरूप असतात. कवितेने एका मुलीविषयी, एका क्षणी, तुलनेने सांगितलेली गोष्ट अशा रीतीने एका समाजाचा स्वभाव होऊन बसते. उत्तर बिलासपुरातील ते १३७ हल्ले या निष्कर्षाला मान्यता देत नाहीत. पण कविता त्या आकड्यांनी खोटी पडते काय? तसेही नाही, आणि याचे उत्तर कवितेतीलच एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे मोह. मोहाची फुले रात्री झडतात आणि मार्च-एप्रिलच्या पहाटे, ऊन चढण्याआधी, ती वेचावी लागतात. अस्वलालाही मोहाची फुले अतिशय प्रिय, आणि तेही पहाटेच त्याच झाडाखाली येते. मुलगी आणि अस्वल एकाच अन्नाकडे, एकाच घटकेला निघालेली असतात. तिला अंधारात जायला लावतो तो बाजार. उशीर केला तर दुसरी माणसे फुले नेतील, कमी वेचली तर भाव पदरात पडणार नाही. बाजाराचे भय आणि जनावराचे भय ही दोन पारड्यांत तोलायची भये नाहीत. एक भय दुसऱ्याच्या तोंडी माणसाला नेऊन सोडते. कवीने हे उच्चारलेले नाही, पण त्याने वस्तू नेमकी निवडली आहे. तेंदूपान किंवा चारोळी न घेता मोहच मुलीच्या टोपलीत ठेवणारा कवी ते झाड ओळखत होता. मराठीत ही कविता वाचताना आणखी एक छटा आपोआप मिळते. आपल्या भाषेत त्या फुलाचे आणि आसक्तीचे नाव एकच आहे. पण या श्लेषाच्या नादी फार लागू नये, त्या मुलीच्या दृष्टीने ते फूल म्हणजे मीठ आणि तेल.

महासमुंद जिल्ह्यातील बागबाहराजवळ घुंचापाली येथे चंडीमातेचे मंदिर आहे. तेथे सायंकाळी डोंगरातून अस्वले उतरतात, प्रसाद खातात आणि परत जातात, म्हणून ते ठिकाण प्रसिद्धीस आले. पर्यटक हातातून नारळ भरवतात, चित्रे काढतात आणि माणूस व प्राणी यांच्या सहजीवनाविषयी गहिवरतात. त्याच जिल्ह्यात मार्च २०१६ मध्ये एका अस्वलाने तीन माणसांना मारले. त्यांत वनखात्याचा एक कर्मचारी होता, आणि शेवटी त्या अस्वलाला गोळ्या घालण्यात आल्या. या दोन वार्तांपैकी कोणती मराठी ललितलेखकाला अधिक आकर्षित करील, याविषयी पैज लावण्याची गरज नाही. पहिलीवर लेख लिहिला जाईल, आणि तो वाचनीयही होईल. दोन्हींना एकत्र धरणारे गद्य लिहायचे तर गहिवर आणि थरार या दोन्ही वाटा सोडाव्या लागतात, आणि त्या सोडल्यावर जी भाषा उरते ती घडवण्याचे काम शिल्लक आहे.

दरम्यान जंगलातील पात्रे बदलत आहेत. १९९३ पासून तेव्हाच्या बिहार आणि ओडिशातून हत्ती उत्तर छत्तीसगढात येऊ लागले आणि पुढे महानदीच्या खोऱ्यात, रायपूरच्या पूर्वेच्या रानांपर्यंत पोचले. ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगढातून एक कळप गडचिरोलीत उतरला. सिंधुदुर्गातील दोडामार्गाला हत्तींचा परिचय २००२ पासूनच झाला होता. मराठी साहित्यात हत्ती आजवर आला तो गणपतीच्या मुखाने, छत्रपतींच्या स्वारीत किंवा सर्कशीच्या तंबूत. घराच्या कुडाला भगदाड पाडून तांदळाचे पोते ओढून नेणारा हत्ती त्याला नवा आहे. गडचिरोलीतील गावकरी त्याच्यासाठी काही शब्द छत्तीसगढीतून घेतील, काही माडियातून, काही स्वतःच घडवतील. छत्तीसगढच्या सरगुजा, कोरबा या भागांत तीस वर्षांत अशी एक बोली तयार झाली आहे, जिच्यात कळपाच्या वाटा, एकट्या नराची चाल, मोहाच्या दारूचा वास घेऊन घरात शिरणाऱ्या हत्तीची लक्षणे सांगितली जातात. हे शब्द अजून कोणत्याही कोशात नाहीत. चितमपल्लींनी पाखरांसाठी आणि झाडांसाठी जे केले ते या शब्दांसाठी करायचे झाल्यास, वेचणाऱ्याला पाणवठ्यावरच्या लपणीत बसून भागणार नाही. त्याला कापणीच्या आधीच्या पंधरवड्यात माळ्यावर, राखणदाराच्या शेजारी, डबा वाजवीत बसावे लागेल.